उतारशाळेचा रक्षक

सिस्टरांच्या उशीच्या अभ्र्यातून एकवीस गोळ्या निघाल्या. मॉर्फिनच्या. वहिनी अभ्रा धुवायला काढत होत्या, तेव्हा त्या फरशीवर सांडल्या. वहिनींनी त्या वेचल्या, मोजल्या आणि मला फोन केला. आवाजात रडू नव्हतं, राग होता. "यांना दुखतंय म्हणून मी तीन महिने रात्रीची झोपले नाही, आणि या गोळ्या लपवून ठेवतायत!"

ही नोंद त्या घराची आहे. नाशिकमध्ये अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या एका लहानशा गटात मी काम करते. शिक्षण समाजकार्याचं, वैद्यकीय नाही. आमच्या गटात एक डॉक्टर आहेत, एक निवृत्त नर्स आहेत आणि माझ्यासारखे तीन-चार जण. मी स्वतः ख्रिस्ती घरातली. त्यामुळे या घरात काय बोललं जातं आणि काय गिळलं जातं ते मला लवकर कळलं, आणि चुकायलाही मीच पहिली चुकले. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर आणि माणसं

सिस्टर म्हणजे नन नव्हेत. त्या नर्स होत्या, वय ७४. एका मिशनच्या कुष्ठरोग संस्थेत त्यांनी ३४ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतरही गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन आठ वर्षं झाली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी कंबर धरली म्हणून तपासलं, तर तो मणक्यात उतरलेला. दुखणं कमी व्हावं म्हणून मणक्याला एकदा 'लाइट', म्हणजे रेडिएशन, दिली, तिचा थोडा गुण आला. दिवाळीच्या सुमारास मॉर्फिन सुरू झालं.

मुलगा सातपूरच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा. नातू पुण्यात शिकायला. वहिनी म्हणजे सून, वय ४७, बालवाडीत शिकवत होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी नोकरी सोडली. अंघोळ, कूस बदलणं, पातळ खिचडी भरवणं, रात्री दर चार तासांनी गोळी, सगळं एकहाती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या माझ्याशी बोलता बोलता दाराच्या चौकटीला टेकून पेंगल्या, उभ्यानेच.

घर शरणपूर रोडच्या आतल्या अंगाला. नाशिककरांना हा रस्ता कपड्यांच्या दुकानांमुळे आणि दवाखान्यांमुळे माहीत असतो, नावाकडे कोणी लक्ष देत नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली, 'शरण आलेल्यांचं गाव' म्हणून. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या शाळेत शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मध्यात मरण पावला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरून देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या तांड्यात हा नाशिकचा विद्यार्थी होता. दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली होती. नऊ-एक महिने ते लोक चालत होते. पुढे एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. ही गोष्ट मला सिस्टरांनी सांगितली. त्यांच्या आजीकडून त्यांच्याकडे आलेली. "मोठ्या माणसाचं नाव राहतं गं," असं म्हणून त्या थांबल्या होत्या. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

शाल

मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, कुठली ते सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. असं कुठल्याही मंडळीत झालं असतं. सप्टेंबरमधल्या एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी वहिनींचं उदाहरण दिलं. आजच्या काळात आपला वधस्तंभ उचलून चालणारी सून म्हणून. महिला मंडळाने शाल दिली, टाळ्या झाल्या. वहिनी मला म्हणाल्या, "शाल अंगावर घेतली आणि त्या दिवसापासून 'थकले' म्हणायची सोय राहिली नाही."

या एका वाक्यात हे प्रकरण आलं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मी मंडळीवर चिडले होते, आणि तेही अर्धंच खरं होतं. लोक प्रेमाने आले होते. घरी येत होते, केळी-पेरूच्या पिशव्या आणत होते, प्रार्थना करत होते. फक्त कोणी रात्री थांबत नव्हतं. कौतुक करायला पाच मिनिटं लागतात, आणि ते केलं की आपणही त्या सेवेत होतो असं वाटून माणूस घरी जातो. मीही हे केलेलं आहे.

एक प्रार्थनागट मात्र वेगळ्या तऱ्हेने आला. अकरा जण होते. गाणी झाली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, मग त्यांच्यातल्या प्रमुखाने हळूच विचारलं, कबूल न केलेलं काही पाप आहे का? सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप याने केलं की याच्या आईबापाने, आणि येशूने दोन्ही नाकारलं होतं (योहान ९). वचन त्या गटालाही पाठ असणार. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तिथवर त्यांचं चुकलं नव्हतं. बोलायला लागले तिथून चुकलं. हा गट सात मिनिटंही गप्प बसला नाही.

एकवीस गोळ्या

फोन आला त्याच दुपारी मी गेले. सिस्टर कुशीवर होत्या, ओठ घट्ट. मी विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं, "प्रभूने घेतला नव्हता."

मार्कच्या पंधराव्या अध्यायात हे आहे. खिळण्याआधी सैनिकांनी येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस दिला, वेदना बधिर करणारा, आणि त्याने तो घेतला नाही. मी वचनाला वचन लावलं. योहानात तोच येशू वधस्तंभावर तहान लागल्याचं सांगतो आणि दिलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतो. दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात तर मरणपंथाला लागलेल्याला मद्य द्या असं सरळ लिहिलंय. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळू दे अशीच प्रार्थना केली होती. मी अगदी वकिलासारखी बोलत गेले. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वचनं छान पाठ आहेत तुझी, बाळ. संडे स्कूल कुठली?"

मी घरी आले ती हरून. रात्री विचार करताना वाटलं, हा मॉर्फिनला नाही म्हणण्याचा ख्रिस्ती प्रकार आहे, दुःखाला पवित्र मानण्याचा. त्याची उदाहरणंही आठवली. मदर टेरेसांच्या कोलकात्यातल्या मरणासन्नांच्या घराला भेट देऊन आलेल्या डॉक्टर रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की स्वच्छता, जखमांची निगा आणि माया तिथे दिसली, पण तीव्र वेदनाशामकं दिसली नाहीत. याच्या उलट टोकाला सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका, मग डॉक्टर. त्याही तितक्याच श्रद्धाळू ख्रिस्ती. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला मरणासन्नांसाठी सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं आणि मॉर्फिन दुखायला लागल्यावर नव्हे, तर घड्याळ लावून, दुखायच्या आधी द्यायचा पायंडा घट्ट केला. कॅथलिकांत तर पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे सांगितलं होतं की असह्य वेदना शमवायला अशी औषधं द्यायला हरकत नाही, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी. म्हणजे ख्रिस्ती धर्म दुःखावर प्रेम करतो की दुःख्यावर, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं ख्रिस्ती माणसांनी आपल्या वागण्यातून दिलेली आहेत.

एवढा अभ्यास करून मी पुन्हा गेले. तो सगळा वाया गेला, कारण खरं कारण हे नव्हतंच.

ते बाहेर आलं आमच्या निवृत्त नर्सबाईंमुळे. त्या माझ्यासोबत आल्या, सिस्टरांच्या उशाशी बसल्या आणि धर्माचं अक्षर न काढता विचारलं, "तुमच्या वॉर्डात दुखण्याला काय द्यायचे हो तेव्हा?" सिस्टर हसल्या, बऱ्याच दिवसांनी. म्हणाल्या, "आमच्याकडे दुखायचं कुणाला? तोच तर रोग."

मग त्या अर्धा तास बोलल्या. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, हातापायांची संवेदना जाते. चुलीवरचं पातेलं हाताने उतरवणारी बाई, हात भाजतोय हे वास आल्यावर कळायचं. चपलेत खिळा घुसलेला माणूस मैलभर चालत यायचा. लोकांना वाटायचं, रोग बोटं खातो. प्रत्यक्षात बोटं जायची ती दुखत नसल्यामुळे, जखमेवर जखम होऊन. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच दाखवून दिलं आणि सिस्टरांच्या पिढीच्या नर्सेस त्यावर घडल्या. पाय भिजवा, घासा, तेल लावा, एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल घाला, आणि रोज पाय बघा. ऐंशीच्या दशकात एमडीटीची, म्हणजे एकत्र घ्यायच्या अनेक औषधांची, पाकिटं आली, रोग बरा व्हायला लागला. पण गेलेली संवेदना परत येत नाही, म्हणून पाय बघणं सुटलं नाही. "चौतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, दुखणं ही देवाची देणगी आहे. तुम्हाला मिळाली नाही, म्हणून तुम्ही डोळ्यांनी दुखवून घ्या. आणि आता मीच गोळी घेऊन ती घालवू? उद्या माझे पाय गेले तर मला कळणार कसं?"

ही भीती अंधश्रद्धेतली नव्हती. कर्करोग मणक्यात असताना मज्जारज्जूवर दाब येऊन पाय जाऊ शकतात, हे त्यांना माहीत होतं. वचन त्यांनी पुढे केलं होतं ते आम्ही वाद घालू नये म्हणून. श्रद्धाळू माणसाने वचन सांगितलं की आपण धरून चालतो, कारण तेच आहे. माझी ही चूक इथे मुद्दाम लिहून ठेवते.

बॉलपेन

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मॉर्फिन दुखणं दाबतं, पण कातडीचा स्पर्श घालवत नाही. पाय बधिर झाले किंवा त्यांतली ताकद गेली, तर गोळी चालू असतानाही कळेल, तपासलं तर. दुसरी गोष्ट त्यांनी नाशिकच्या भाषेत सांगितली. "सिस्टर, दुखणं हा निरोप आहे ना? पोस्टमनने तार दिली, तुम्ही सही केली, आम्ही लाइट दिली, औषध दिलं. आता तो दारात उभा राहून रात्रभर बेल वाजवत असेल, तर त्याला घरी पाठवायला नको?"

सिस्टर बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या. मग अट घातली. पाय रोज तपासायचे, त्या सांगतील तसे.

कुष्ठरोगाच्या कामात बॉलपेनने संवेदना बघायची जुनी पद्धत आहे. रुग्णाने डोळे मिटायचे, तळव्यावर ठरलेल्या जागी पेनचं टोक हलकं टेकवायचं, त्याने बोटाने जागा दाखवायची. सिस्टरांनी नातवाच्या जुन्या वहीत दोन पावलं काढून घेतली, त्यावर दहा-दहा ठिपके. सकाळी ज्याची पाळी असेल त्याने तपासायचं आणि ठिपक्यावर बरोबर किंवा फुली करायची. मग अंगठा वर-खाली. त्याच वहीत उलट्या बाजूने गोळीची वेळ, मात्रा आणि देणाऱ्याची सही. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठायला नको, आणि बद्धकोष्ठ होतोच म्हणून जुलाबाचं औषध सोबत. तिसऱ्या रात्री सिस्टर सहा तास झोपल्या. वहिनी मात्र सवयीने दोनला उठून बसल्या.

मॉर्फिन सहज मिळत नाही, हे जाता जाता सांगायला हवं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने वैद्यकीय मॉर्फिनही इतकं कचाट्यात सापडलं की कित्येक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवता-देता येतं. तरी अजून लोकांना 'मॉर्फिन' म्हटलं की आता संपलं असं वाटतं. या घरातही मुलाला तसं वाटलं होतं.

दोन दीनार

गोळ्यांचा गुंता सुटला. वहिनींचा सुटेना. मी पाळ्या लावायचं सुचवलं, त्यांनी नाही म्हटलं. रुग्णांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून बाई ठेवायचं सुचवलं, तर चेहराच बदलला. "सुनेने बाई ठेवली म्हणतील." आणि मग जरा वेळाने, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, "माझ्या आईच्या वेळी मी पोचले नव्हते. रजा मिळाली नाही. ही फेड आहे माझी."

तारण कृपेने होतं, कृत्यांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्रातलं वचन त्यांच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेलं आहे. त्याच खोलीत एक बाई हिशेब चुकता करत होती. मी ते बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर खरं ठरलं असतं आणि काहीच झालं नसतं.

आणि सिस्टर? त्यांना हे कळत होतं. एकदा आम्ही दोघीच असताना म्हणाल्या, "ती करते ते प्रेमानेच करते. पण मी तिच्या वधस्तंभाचं लाकूड झालेय गं. लाकडाला कोणी विचारत नाही." निःस्वार्थ सेवेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. ज्याची सेवा होते त्याच्या बाजूने कोणी बोललेलं मला आठवत नाही. अपवाद एक आहे, पेत्र. येशू पाय धुवायला वाकतो तेव्हा तो म्हणतो, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. आपण त्याला हट्टी समजून पुढे जातो. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे पाय धुतलेल्या बाईला मी त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "धुणं सोपं असतं. वाकलं की झालं."

वहिनींना शेवटी कोणी हलवलं असेल तर पाळकसाहेबांनी, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मी त्यांना भेटून शालेबद्दलचं वाक्य सांगितलं. ते गप्प झाले. नंतर ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका बुधवारी संध्याकाळी त्यांनी लूकचा दहावा अध्याय घेतला, चांगला शोमरोनी. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला टाळून याजक आणि लेवी (देवळातला सेवक) बाजूने निघून गेले, ते सगळ्यांना ठाऊक. त्यांनी तिथे वेळ घालवला नाही. पस्तिसाव्या ओवीवर, म्हणजे वचनावर थांबले (आमच्याकडे बोलताना ओवी म्हणतात अजून काही जुनी माणसं). शोमरोन्याने त्याला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, नेलं, रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. कामाला. जाताना उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले, याची काळजी घे म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देईन. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "मग त्या जखमी माणसाला बरं कोणी केलं? त्या रक्षकाने. त्याला पैसे मिळाले. येशूने त्याला नाव ठेवलेलं नाही." वहिनी तिसऱ्या बाकावर होत्या. मी मागे होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तीनच ओळींच्या अंतराने दोन वाक्यं आहेत. एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाला आपापला भार वाहावा लागेल. लहानपणी मला हा विरोधाभास वाटायचा. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत आणि मराठी भाषांतरकारांनीही 'ओझं' आणि 'भार' असे वेगळे ठेवलेत. एक चिरडून टाकणारं वजन, दुसरं प्रत्येकाच्या खांद्यावरची आपली शिदोरी. सासूवर प्रेम करणं हा वहिनींचा भार होता. चोवीस तास जागं राहणं हे ओझं होतं. आणि खुद्द वधस्तंभही येशूने गुलगुथ्यापर्यंत, म्हणजे खिळण्याच्या जागेपर्यंत, एकट्याने वाहिलेला नाही. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला वेठीला धरून तो त्याच्या खांद्यावर दिला होता.

बाकी तपशील कमिटीच्या बैठकीतले आहेत, ते कुठल्याही कमिटीसारखेच. गरजू निधीतून ब्युरोच्या बाईचे अर्धे पैसे द्यायचे की नाही. "पैसे देऊन सेवा, तर मंडळीतल्या बहिणी कशाला?" असा प्रश्न आला. "बहिणी रात्री थांबणार का?" असा उलट प्रश्न आला आणि मग शांतता. शेवटी तीन महिन्यांचं ठरलं, अर्धे मुलाने, अर्धे निधीतून. शिवाय चार बहिणींच्या दुपारच्या पाळ्या. त्यांतल्या एकीने दुसऱ्याच आठवड्यात सोडलं, मळमळतं म्हणून. तिने ते खरं सांगितलं, याचं मला बरं वाटलं. तिच्या जागी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, ज्यांचा मंडळीशी संबंध नव्हता. त्या सिस्टरांना ज्ञानेश्वरीतल्या ओव्या म्हणून दाखवायच्या, आणि सिस्टर त्यांना नारायण वामन टिळकांची भजनं.

ब्युरोच्या ताई पेठ तालुक्यातल्या, राहायला फुलेनगरात. रात्री आठ ते सकाळी आठ. पहिल्या दिवशी सिस्टरांनी त्यांना बॉलपेनची परीक्षा शिकवली, तीनदा करून घेतली, चौथ्यांदा चुकल्यावर रागावल्या. मी दारातून बघत होते. कित्येक महिन्यांनी सिस्टर ड्यूटीवर होत्या.

डावी टाच

वहिनी लगेच सुधारल्या, असं नाही. पहिले काही दिवस त्या रात्री उठून दाराआडून बघत. एकदा ताईंच्या हातून सूप सांडलं, तेव्हा वहिनी नको तितक्या मोठ्याने बोलल्या. मग स्वतःच त्यांना चहा करून दिला. मार्चमध्ये त्या माहेरच्या एका लग्नाला निफाडला जाऊन आल्या, एक रात्र राहून. परत आल्यावर सासूला सगळ्यांच्या साड्या सांगितल्या. मुलाने आईची अंघोळ एकदाच केली, दोघंही अवघडले, पुन्हा केली नाही. पण पाय तपासायचं त्याने रविवारचं काम करून घेतलं.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मंडळीत तीन तास येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होती. सिस्टरांनी फोनवर ऐकली. पाचवा उद्गार, मला तहान लागली आहे. नंतर त्यांनी मला विचारलं, "त्याने मागितलं, हे किती जण सांगतात गं? सगळे सांगतात त्याने दिलं." उत्तर त्यांना नको होतं. पाणी हवं होतं, ते मी चमच्याने दिलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात वहीत डाव्या टाचेच्या ठिपक्यावर पहिली फुली आली. ब्युरोच्या ताईंनी केलेली, सकाळी साडेसहाला. त्यांनी सात वाजेपर्यंत वाट पाहिली नाही, लगेच फोन केला. डॉक्टर आले, स्टेरॉइड सुरू झालं, पुन्हा लाइट द्यायची का यावर बोलणं झालं. सिस्टरांनी नको म्हटलं. दवाखान्याच्या चकरा नकोत, घरीच ठेवा. या वेळी कुठलंही वचन सांगितलं नाही. पाय गेले ते हळूहळू. दुखलं फारसं नाही. गोळ्या वेळेवर चालू होत्या.

मे महिन्याच्या मध्यावर एका पहाटे त्या गेल्या. ताई जवळ होत्या, वहिनींना त्यांनी उठवलं, आणि वहिनी वेळेत पोचल्या.

उरलेलं मॉर्फिन घरात ठेवायचं नसतं, ते परत करायचं असतं. अंत्यविधीनंतर दहा-बारा दिवसांनी वहिनी आणि मी ते द्यायला गेलो. नानकटाईच्या डब्यात चौदा गोळ्या, सोबत ती वही. खिडकीतल्या मुलाने गोळ्या मोजल्या, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि सही कोणाची घ्यायची म्हणून विचारलं, "पेशंटला घरात नक्की कोण बघत होतं?"

वहिनींनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली.